फर्मेंटेशनची पाळी

कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी शिफ्ट केमिस्ट म्हणून रुजू झालो, तो २०२२-२३ चा गळीत हंगाम. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करून आलो होतो. घरी आईला ‘इथेनॉल’ सांगून झालं, ते पेट्रोलमध्ये मिसळतात हेही सांगून झालं. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलंच, “म्हंजे दारूच की रं?” रसायन म्हणून बघितलं तर तीच, त्यामुळे मी वाद घातला नाही.

डिस्टिलरीत पाहुण्यांना दाखवतात ते कॉलम, म्हणजे अल्कोहोल उकळून वेगळं करणारे मनोरे. कारखान्याच्या रस्त्याला लागलं की लांबूनच दिसतात, चिमणीच्या खालोखाल उंच. संचालक येवोत, बँकेचे साहेब येवोत की कॉलेजची सहल, सगळ्यांची मान तिथंच वर होते. फर्मेंटेशन विभागात मात्र कुणी फार वेळ थांबत नाही. जमीन कायम ओली, हवेत आंबूस-गोडसर वास, आणि बघायला बंद टाक्या, पाइप, पंप. पण साखर आंबून अल्कोहोलचा थेंब न थेंब तयार होतो तो इथंच. कॉलममध्ये नवं काहीच बनत नाही, आधी बनलेलं पाण्यापासून वेगळं होतं एवढंच. चांगला प्लांट ते काम ९८ टक्क्यांच्या वर करतो, त्यामुळे तिथं फारसं काही कमावता येत नाही आणि फारसं गमावताही येत नाही. कमाई-गमाईचा खेळ टाकीत असतो. मला फर्मेंटेशनलाच टाकलं, तेव्हा आधी जरा वाईट वाटलं होतं. ते वाईट वाटणं पहिली बॅच अंगावर घेईपर्यंतच टिकलं.

कच्चा माल म्हणजे मळी. उसाच्या रसाचा पाक करून त्यातून साखर काढत जातात. तीनदा काढून जी उरते ती सी-हेवी, दोनदाच काढून थांबलं की बी-हेवी. सी-हेवी काळीकुट्ट आणि इतकी दाट असते की थंडीच्या पहाटे पंप कण्हायला लागतो. तिचं ब्रिक्स, म्हणजे विरघळलेला घन भाग, ८८ च्या आसपास. पण त्या ८८ मध्ये साखर जेमतेम ४८, आणि त्या ४८ मधलेही चार-पाच असे की चाचणीत साखर म्हणून दिसतात, पण साखर आंबवणारं यीस्ट त्यांना तोंड लावत नाही. उरले ४३. खरेदी विभाग मळी टनावर मोजतो, आम्ही त्या ४३ वर.

पुस्तकातलं समीकरण सोपं आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजचं ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हा हिशेब गे-ल्युसॅकच्या नावानं ओळखतात. यीस्टला उपयोगी अशा साखरेचे टनाला ६४४ लिटर पडतात, आणि प्रत्येक डिस्टिलरीत हा ६४४ चा आकडा पाठ असतो. पुढं पाश्चरनं दाखवलं की यीस्ट सगळीच साखर आपल्यासाठी राबवत नाही. थोडी स्वतःच्या अंगाला लावून घेतं, थोड्याचं ग्लिसरॉल आणि सक्सिनिक आम्ल करतं. म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास निसर्गानंच रेघ मारलेली आहे. प्रत्यक्षात कारखान्यात ९० मिळाले तर मॅनेजर खूश, ८८ आले की मीटिंग.

आमची एक बॅच साधारण ८० टन मळीची, म्हणजे ३४ टनांवर उपयोगी साखर. ६४४ नं गुणलं तर २२ हजार लिटरच्या पुढं, आणि ९० टक्के कार्यक्षमतेनं हातात वीस हजार लिटर. एक टक्का इकडंतिकडं झाला की सव्वादोनशे लिटर. सी-हेवीपासूनच्या इथेनॉलचा २०२३-२४ चा दर लिटरला ५६.२८ रुपये होता. करा गुणाकार. एका बॅचमागं बारा हजारांचा फरक, आणि दिवसाला अशा दोन-तीन बॅचेस निघतात.

सुरुवात यीस्ट वाढवण्यापासून होते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पाववाल्याचंच यीस्ट, फक्त जास्त अल्कोहोल आणि जास्त उष्णता सोसणारा वाण. हंगामाच्या आरंभी प्रयोगशाळेत काचेच्या नळीतल्या तिरक्या माध्यमावरून सुईच्या टोकावर येईल एवढं उचलायचं, चंबूत वाढवायचं, मग मोठ्या चंबूत, मग बाटलीत, मग स्टीलच्या यीस्ट व्हेसलमध्ये. प्रत्येक पायरीला साधारण दहापट. त्यानंतर प्री-फर्मेंटर, म्हणजे मुख्य टाकीच्या, फर्मेंटरच्या, आधी यीस्ट वाढवायची टाकी. हल्ली कोरडं यीस्ट पाकिटातून मिळतं. कोमट पाण्यात भिजवलं की तासाभरात कामाला लागतं, आणि घाईच्या वेळी आम्हीही तेच वापरतो. पण प्रयोगशाळेतून वाढवलेल्या कल्चरवर माझा जीव जास्त. त्यात काय आहे आणि काय नाही हे आपल्याला ठाऊक असतं.

प्री-फर्मेंटरमध्ये पातळ केलेली मळी, यीस्टचं खत म्हणून थोडा युरिया, थोडं डीएपी, पीएच साडेचारच्या आसपास आणायला गंधकाम्ल, आणि तळातून हवा. ही हवा फार महत्त्वाची. ऑक्सिजन असला की यीस्टची प्रजा वाढते, नसला की ते पोटापुरती साखर फोडून अल्कोहोल टाकून देतं. अर्थात साखर भरपूर असली तर हवेतही ते अल्कोहोल करतंच, त्यामुळे इथं मळी मुद्दाम पातळ ठेवायची. शिवाय पेशीच्या आवरणासाठी लागणारे स्टेरॉल ऑक्सिजनशिवाय बनत नाहीत, आणि ते आवरण कच्चं राहिलं तर पुढं आठ-नऊ टक्के अल्कोहोलात पेशी तग धरत नाही. प्री-फर्मेंटरच्या ब्लोअरचा पट्टा रात्री सैल झाला तर त्याचं फळ दुसऱ्या दिवशी दुपारी दिसतं, आणि तोवर पाळी बदललेली असते. कारखान्याच्या पाळ्या पहाटे चारला, दुपारी बाराला आणि रात्री आठला बदलतात. एकाच्या पाळीतलं दुसऱ्याच्या पाळीत निघणं हे आमच्याकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ.

आमच्या पाळीचे ऑपरेटर तात्या. सगळा कारखाना त्यांना तात्याच म्हणतो. शिक्षण बेताचं, पण डिस्टिलरी उभी राहिली तेव्हापासून इथंच. मला ते ‘सायेब’ म्हणायचे, आणि पहिले काही महिने त्या शब्दात बरीच गंमत मिसळलेली असायची. मी डिप्लोमातली आकृती काढून फेड-बॅच, म्हणजे मळी थोडीथोडी देत चालवायची बॅच, ते सांगत होतो, तर ऐकून घेऊन म्हणाले, “सायेब, ह्यो गोठा हाय. वैरण वेळेवर, पाणी सोच्छ, शेण लगीच काढायचं, आन् उकाड्यात वारं. दूध किती निगतंय ते जनावर बगून घेतं.”

प्री-फर्मेंटर तयार आहे की नाही हे मायक्रोस्कोप सांगतो. नमुना पाण्यानं पातळ करायचा, त्यात मिथिलिन ब्लूचा थेंब, आणि न्यूबॉअर चेंबरवर झाकणकाच. हा चेंबर म्हणजे एक जाड काच. तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या, आणि काच व झाकण यांच्यातली फट नेमकी ०.१ मिलिमीटर. चौकटीचं क्षेत्र ठाऊक, खोली ठाऊक, म्हणून त्यातल्या पेशी मोजल्या की मिलीलिटरला किती ते निघतं. जिवंत पेशी निळा रंग आत गेला तरी त्याचा रंगच घालवून टाकते, त्यामुळे ती स्वच्छ, पारदर्शक, कडेनं चमकणारी दिसते. मेलेली पेशी निळीशार. कोंब फुटलेल्या पेशीला बाजूला एक छोटा गोल चिकटलेला असतो. कोंबावरच्या पेशी तिसरा हिस्सा असल्या, निळ्या शंभरात चार-पाचच असल्या आणि मोजणी मिलीलिटरला वीस कोटींच्या वर गेली की माल फर्मेंटरकडं सोडायचा.

मोजताना डोळा आणखी एक गोष्ट शोधत असतो. यीस्टच्या मानानं अगदी बारीक, काडीसारखं काही दिसतंय का. दिसलं तर तो दिवस वाईट. ते लॅक्टिक आम्लाचे जीवाणू, आणि ते आपल्याच साखरेवर जगतात.

फर्मेंटर अडीच लाख लिटरचा. त्यात प्री-फर्मेंटरचा माल आधी सोडायचा आणि मग पाण्यात कालवलेली मळी बेताबेतानं दहा-बारा तास चालू ठेवायची. सगळी मळी एकदम ओतली तर बाहेरच्या साखरेच्या आणि क्षारांच्या जोरानं पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. स्वतःला वाचवायला यीस्ट ग्लिसरॉल करत बसतं आणि आपली साखर त्यात जाते. म्हणून वैरण बेतानं. दर दोन तासांनी घनता, तापमान, पीएच, आणि लॉगशीटवर सही.

पण खरी झुंज उष्णतेशी असते. साखर फुटताना किलोमागं सुमारे १४० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. पुस्तकात हा आकडा किरकोळ वाटतो. मी एका रात्री लॉगशीटच्या पाठीमागं हिशेब मांडला. ३१ टन साखर खाल्ली जाणार, म्हणजे ४३ लाख किलोकॅलरी, आणि टाकीत सव्वादोन लाख लिटर वॉश, म्हणजे आंबणारं मिश्रण. थंड करायची काहीच सोय नसती तर हा सगळा वॉश वीसेक अंशांनी तापला असता. ३२ वर सुरू केला तर ५२ वर गेला असता, आणि त्याच्या फार आधीच यीस्ट आपल्याच उष्णतेत मेलं असतं. म्हणून पंप टाकीतला वॉश सतत बाहेर काढतो, प्लेटांच्या हीट एक्स्चेंजरमधून थंड पाण्याच्या शेजारून फिरवतो आणि परत आत सोडतो. सगळे त्याला पीएचई म्हणतात.

थंडीत हे सहज जमतं. मार्चनंतर नाही. कूलिंग टॉवरचं पाणी हवेतल्या दमटपणानं ठरवलेल्या मर्यादेच्या खाली थंड होऊच शकत नाही, मग तुम्ही पंखे कितीही फिरवा. दुपारी तीनच्या सुमारास पाणीच २९-३० वर आलं की टाकी ३५ कडं सरकायला लागते. नुसत्या ३५ ला यीस्ट फारसं घाबरत नाही. पण ३५ अंश आणि सोबत सात-आठ टक्के अल्कोहोल हे दोन्ही मिळून ते मोडतं. अशा वेळी मळीचा फीड कमी करण्यावाचून इलाज नसतो. वरून फोन येतो, “प्रॉडक्शन का पडलं?” तर यासाठी.

ऐन भरात आलेला फर्मेंटर ऐकण्यासारखा असतो. झाकणाच्या काचेतून आत दिवा लावला की तपकिरी फेस उकळल्यासारखा वरखाली होताना दिसतो आणि टाकीच्या पत्र्याला कान लावला तर सतत सळसळ ऐकू येते. ती कार्बन डायऑक्साइडची. एका बॅचमागं हा वायू पंधरा टन निघतो. साखरेच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग असा हवेत जातो, हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला ते उधळपट्टीसारखं वाटलं होतं. काही ठिकाणी तो गोळा करून, शुद्ध करून बाटल्यांत भरून विकतात. आमच्याकडं तशी सोय नव्हती. फक्त तो पाण्यातून धुऊन सोडायचा, कारण त्याच्या अंगाला लागून थोडी अल्कोहोलची वाफही पळत असते. ते पाणी परत वॉशमध्ये.

हा वायू हवेपेक्षा जड. टाकी रिकामी केली तरी तळाला साचून राहतो, आणि त्याला रंग नाही. टाकी धुवायला माणूस उतरवायच्या आधी मॅनहोल उघडे ठेवायचे, ब्लोअर लावायचा, मीटरवर ऑक्सिजन बघायचा, परवान्यावर सही घ्यायची आणि दोरी धरून एक जण बाहेर उभा करायचा. पूर्वी मीटर नव्हते तेव्हा जळता कंदील सोडून बघायचे, असं तात्या सांगतात. बाकी कशातही मी तडजोड करताना पाहिली आहे, स्वतःही केली आहे. या बाबतीत आमच्या विभागात कुणी करत नाही.

फेस वर चढायला लागला की अँटिफोम म्हणून टर्की रेड ऑइल सोडतात. जास्त सोडलं तर खर्च, कमी सोडलं तर फेस व्हेंटमधून बाहेर येऊन जिन्यावर पसरतो आणि पाय घसरतात. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बॅच संपली हे कसं कळतं? घनता उतरत उतरत एका आकड्यावर थांबते. सी-हेवीला तो १.०५५ च्या आसपास. नवख्याला वाटतं, पाण्याची १.०००, मग अजून साखर शिल्लक असणार. तसं नसतं. मळीतले क्षार, करपलेली साखर, डिंकासारखे पदार्थ, हे सगळं यीस्टला नको असलेलं तसंच मागं राहतं आणि घनता धरून ठेवतं. म्हणून खात्री करायला फेहलिंगची साखरेची चाचणी. निळं द्रावण उकळत ठेवायचं, त्यात ब्युरेटमधून गाळलेला वॉश थेंबाथेंबानं. साखर असली की तांबं विटकरी होऊन खाली बसायला लागतं. शेवटचा बिंदू नीट दिसावा म्हणून इथंही मिथिलिन ब्लूच टाकतात. निळा रंग गेला की ब्युरेट बंद. उरलेली साखर किती ते आकड्यातून निघतं. शिवाय शंभर मिली वॉश छोट्या उपकरणात उकळून त्यातलं अल्कोहोल मोजायचं. ९ टक्के आले की तात्या व्हॉल्व्हकडं चालायला लागतात.

आणि एकदा बॅच आडली.

मे महिना होता. आमची मळी संपत आली होती, म्हणून बाहेरून घेतलेली आली. कागदावर साखर ठीक होती. टँकर रिकामा होताना तात्या नुसते शेजारून गेले आणि म्हणाले, “ही तापल्याली हाय.” मळी उन्हात, गरम साठ्यात फार दिवस राहिली की आतल्या आत बदलत जाते. साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत गुंततात, साखर घटते, रंग आणखी काळवंडतो. शिवाय जीवाणूंनी आधीच हात मारला असेल तर उडून जाणारी आम्लं वाढलेली असतात. मी ती मोजली. यीस्टला त्रास व्हायला लागतो त्या पातळीच्या बरीच वर होती. मी वर कळवलं. दुसरी मळी तेव्हा नव्हती, त्यामुळे तीच लावायची ठरली.

सात-आठ तास सगळं नेहमीसारखं चाललं. मग घनता १.०७२ वर येऊन बसली ती हलेना. फेस पातळ झाला, वरवर साबणासारखा. पीएच ४.६ वरून ४.१ वर. मायक्रोस्कोपखाली निळ्या पेशींची गर्दी आणि मधूनमधून त्या काड्या. वास तर सांगायलाच नको. नेहमीचा पिकल्या फळासारखा वास जाऊन आंबट ताकाचा, नाकात टोचणारा. तात्यांनी झाकण उघडून हुंगलं आणि फक्त मान हलवली.

अशा वेळी युरिया वाढवा, जीवाणूनाशक टाका, ताजं यीस्ट ओता, असे सल्ले सगळीकडून येतात. आम्ही जीवाणूनाशक दिलं आणि दुसऱ्या प्री-फर्मेंटरमधलं ताजं यीस्टही दिलं. घनता थोडी हलली, १.०६४ पर्यंत आली आणि पुन्हा थांबली. शेवटी साडेसहा टक्के अल्कोहोलावर तो वॉश तसाच कॉलमला सोडला. त्यातल्या साखरेचा उरलेला भाग पुढं स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या पाण्यात गेला.

माझ्या मते दोष एकट्या मळीचा नव्हता. जीवाणू मळीबरोबर आले हे खरं, पण इतक्या वेगानं पसरायला त्यांना आधीपासून घर मिळालेलं असलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पीएचई उघडायला लावली. मेकॅनिकनं बोल्ट सैल करून प्लेटा एकेक मागं सरकवल्या. गंधकाम्ल आणि मळीतलं कॅल्शियम मिळून प्लेटांवर पांढरट खपली जमते, ती तर होतीच. पण खालच्या कोपऱ्यात, जिथं प्रवाह मंद होतो तिथं, गॅस्केटच्या कडेनं बोटभर रुंद पिवळट बुळबुळीत थर होता. सुरीनं खरवडला तर तारेसारखा लांब ओढला गेला. तोच नमुना काचेवर घेतला. सगळी काड्यांचीच वस्ती, यीस्ट नावाला. प्रत्येक बॅच त्या कोपऱ्यावरून दिवसभर फिरत होती. चांगली मळी होती तोवर यीस्ट त्यांना पुरून उरत होतं. यीस्ट लुळं पडलं आणि यांचं फावलं.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवून घेतल्या. कॉस्टिक सोड्यानं पीएचई धुण्याचा दिवस ठरलेला, तो उत्पादनासाठी पुढं ढकलायचा नाही. बाहेरची मळी आली तर आधी उडणारी आम्लं मोजायची आणि चांगल्या मळीत थोडीथोडी मिसळूनच वापरायची. आणि आडलेल्या बॅचचं यीस्ट पुढच्या बॅचला कधीच वापरायचं नाही. यातलं पहिलं पाळणं सगळ्यात अवघड, कारण धुतलेल्या प्लेटांचा फायदा कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही.

कॉलमचं थोडक्यात. वॉशमधून अल्कोहोल उकळून वर काढत नेलं की ९५-९६ टक्क्यांच्या आसपास भिंत लागते. तिथं पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात वाफ होऊन निघतात, कितीही उकळा. इंधनासाठी पाणी जवळजवळ नकोच असतं. पूर्वी त्यासाठी बेंझिनसारखं तिसरं द्रव्य मिसळत. आता मॉलिक्युलर सिव्ह. झिओलाइटचे मणी, त्यांना ३ अँगस्ट्रॉमची भोकं. पाण्याचा रेणू त्यात शिरतो, इथेनॉलचा अंगानं मोठा, तो बाहेरच राहतो. माल ९९.५ च्या पुढं जातो, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नोंदी होतात आणि टँकर तेल कंपनीच्या डेपोकडं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यातले दोन महाराष्ट्रातले, मिरज आणि मनमाड. मिरज आमच्याच बाजूचं, त्यामुळे जुन्या ड्रायव्हरांकडं त्या काळातल्या गोष्टी भरपूर.

आता सिरपबद्दल, म्हणजे साखर न काढलेल्या उसाच्या रसाच्या पाकाबद्दल. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळी आणि थेट उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला वेगळे, चढे दर मिळायला लागले. मळीच्या काळ्या वॉशची सवय झालेल्या माझ्या डोळ्यांना सिरपचा पहिला फर्मेंटर म्हणजे चैन वाटली. वॉश फिकट, फेस पांढरा, मायक्रोस्कोपखाली मधे येणारा कचरा नाही, पेशी आरशासारख्या लख्ख. क्षार कमी म्हणून यीस्ट खूश, अल्कोहोल ११-१२ टक्क्यांपर्यंत सहज. पण दोन गोष्टींनी दमवलं. मळीत यीस्टला लागणारं बरंचसं मीठ-मसाला आपोआप असतो, सिरपमध्ये नसतो. नायट्रोजन मोजून, वाढवून द्यावा लागतो, नाहीतर अर्ध्या वाटेवर यीस्ट मंदावतं. दुसरं म्हणजे वेग. साखर इतकी भराभर फुटते की उष्णता एकदम येते आणि जी पीएचई मळीला पुरत होती ती डिसेंबरच्या थंडीतही धापा टाकते.

हे सगळं हाताला बसेपर्यंत ७ डिसेंबर २०२३ चा केंद्राचा आदेश आला. साखर कमी पडेल म्हणून त्या वर्षी रस आणि सिरपपासून इथेनॉल बंद. आठवडाभरात त्यात थोडी ढील मिळाली, पण ठराविक मर्यादेतच. ज्यांनी सिरपसाठी कर्ज काढून प्लांट वाढवले त्यांची काय अवस्था झाली ते साखरपट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. टाकीपाशी उभ्या असलेल्या आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की परत सी-हेवी, परत काळा वॉश, परत ९ टक्के. यीस्टचं सगळं वेळापत्रक बदलून घ्यावं लागलं. पुढच्या वर्षासाठी ती बंदी उठली.

शेवटी जे उरतं त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. सव्वादोन लाख लिटर वॉशमधून वीस हजार लिटर अल्कोहोल गेलं, मग बाकीचं? तो स्पेंट वॉश. काळा, गरम, आम्लधर्मी, आणि पाण्यातला सगळा ऑक्सिजन ओढून घेणारा. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण निवळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरला लाखभर मिलिग्रॅमच्या घरात असतो. पूर्वी पावसाच्या पहिल्या पाण्यात ठिकठिकाणी ओढ्यांना काय रंग यायचा ते नदीकाठच्या लोकांनी बघितलेलं आहे. आता बाहेर थेंबही सोडायचा नाही असा नियम आहे. आमच्याकडं आधी त्यातून बायोगॅस काढतात, मग बाष्पीभवन यंत्रणेत आटवतात, आणि आटवलेलं दाट द्रव्य चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जाळतात. उसानं जमिनीतून उचललेलं पोटॅश त्या राखेत सापडतं आणि ते खत म्हणून विकलं जातं. ही व्यवस्था मला मनापासून पटते. फक्त ती नीट चालली पाहिजे.

आणि चालवणं सोपं नाही. बाष्पीभवनाच्या नळ्यांत आतून कॅल्शियमची खपली धरते, पीएचईत धरते तीच, फक्त इथं कितीतरी जास्त. नळ्या साफ करायला यंत्रणा थांबवली की स्पेंट वॉशची साठवण टाकी भरत जाते. ती भरली की कॉलम थांबतात, कॉलम थांबले की पिकलेला वॉश टाकीत पडून राहतो, आणि पडून राहिलेल्या वॉशमध्ये परत त्या काड्या. त्यामुळे हल्ली पाळी हातात घेताना मी आधी फर्मेंटरची घनता विचारत नाही, साठवण टाकीची पातळी विचारतो. पाळी सोडणारा केमिस्ट नवा असेल तर तो गोंधळतो आणि लॉगशीट चाळायला लागतो. तात्यांना मात्र आकडा तोंडपाठ असतो.